भरती-ओहोटीच्या नदीवर मासळीची जागा कशी ओळखावी

आपल्या मासिकाचे बहुतेक वाचक देशावरील शेतकरी आहेत. त्यांच्या ओळखीची नदी म्हणजे इंद्रायणी, भामा किंवा भीमा. ही नदी उगमाकडून मुखाकडे एकाच दिशेनें वाहते. पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत आटते, आणि जेथें आज डोह आहे तेथें उद्यांही डोहच असतो. अशा वाचकांपुढें खाडीच्या नदीवर गळ कोठें टाकावा हा विषय मांडण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, घाटाखालीं ज्यांच्या सोयरिकी आहेत, किंवा ज्यांनीं पेण-अलिबागकडे जमिनी घेतल्या आहेत, असे आपले कित्येक बांधव सुटीच्या दिवशीं हौसेनें खाडीवर जातात. ते रिकाम्या हातीं परत येतात, हें एक वेळ चालेल. परंतु कांहीं जण जीव धोक्यांत घालून परत येतात. दोहोंचें कारण एकच आहे. देशावरच्या नदीचें ज्ञान घेऊन ते खाडीच्या नदीवर उभे राहतात.

या लेखांतील मुख्य गोष्ट थोडक्यांत सांगतां येते. भरती-ओहोटीच्या नदीवर केवळ ठिकाण ओळखून भागत नाहीं. ठिकाण व वेळ हीं दोन्ही जुळलीं तरच तेथें मासळी सांपडते. सकाळीं सात वाजतां जेथें मासे उसळत होते, तेथें दहा वाजतां उघडा चिखल असूं शकतो. आणि सकाळीं जेथें चिखल होता तेथें दुपारीं दोन पुरुष पाणी असूं शकतें. म्हणून नवशिक्यानें प्रथम पंचांग पाहावें, नंतर नदी पाहावी, आणि सर्वांत शेवटीं गळ हातीं घ्यावा. जे वाचक माळकरी आहेत त्यांनीं गळाचा भाग सोडून द्यावा व पाण्याचा भाग वाचावा. खाडीकांठीं ज्यांची शेती आहे त्यांस पाणी वाचतां येणें हें मासे धरण्यापेक्षांही अधिक उपयोगाचें आहे.

इंद्रायणीचें पाणी खाडीस कसें मिळतें

आळंदीच्या घाटावर उभ्या असलेल्या माणसास समुद्र फार दूर वाटतो. इंद्रायणी भीमेस मिळते, भीमा कृष्णेस मिळते, आणि कृष्णा बंगालच्या उपसागरास. हें खरें, परंतु इंद्रायणीच्या उगमाकडील सर्वच पाणी पूर्वेस जात नाहीं. लोणावळ्याच्या आसपास लोणावळा, वळवण व शिरोता हे टाटांचे तलाव आहेत. त्यांत अडविलेलें पाणी मोठ्या नळांनीं घाटाखालीं उतरवून खोपोली येथें वीज उत्पन्न करितात. हें वीजगृह १९१५ सालीं सुरू झालें. वीज काढून झाल्यावर तें पाणी पाताळगंगा नदींत जातें. पाताळगंगा खोपोलीहून रसायनी, आपटा या बाजूनें खारपाड्यास येते. मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्यांनीं खारपाड्याचा पूल पाहिलेला असतो. त्या पुलाखालीं ती नदी नदी राहिलेली नसते. समुद्राचें पाणी तेथें दिवसांतून दोनदां येऊन परत जातें. पुढें ती रुंदावत धरमतरच्या खाडीच्या मुखाकडे जाऊन मुंबई बंदराच्या पाण्यांत मिसळते.

म्हणजे मावळच्या त्याच डोंगरांवर पडलेल्या पावसाचा एक वांटा आळंदीस येतो व दुसरा खारपाड्यास जातो. या नात्यामुळें मी पाताळगंगेचेंच उदाहरण घेतलें आहे. पुढें दिलेले नियम नागोठण्याकडील अंबा, रोह्याकडील कुंडलिका, महाडकडील सावित्री इत्यादि सर्वच खाडीच्या नद्यांस थोड्या फरकानें लागू पडतात.

भरतीचा हिशेब

समुद्राचें पाणी सुमारें सव्वासहा तास चढतें व तितकाच वेळ उतरतें. अशा रीतीनें चोवीस तास पन्नास मिनिटांत दोन भरत्या व दोन ओहोट्या होतात, आणि रोजची भरती आदल्या दिवसापेक्षां सुमारें पाऊण तास उशिरा येते. यावरून किनाऱ्यावर एक जुना हिशेब चालत आला आहे. तिथीच्या अंकास पाऊणानें गुणावें. जो गुणाकार येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती समजावी. चतुर्थीस तीन वाजतां, पंचमीस पावणेचार वाजतां, अष्टमीस सहा वाजतां. दुपारीं जी वेळ तीच सुमारें पहाटे किंवा रात्रीं. कृष्णपक्षांत पुन्हा प्रतिपदेपासून मोजावें. पूर्ण भरतीपासून सहा तास पुढें किंवा मागें पूर्ण ओहोटी. हा हिशेब ढोबळ आहे व त्यांत अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो. परंतु घरून निघण्याची वेळ ठरविण्यास तो पुरेसा आहे. हल्लीं मुंबई बंदराच्या भरतीच्या वेळा मोबाइलवरही पाहावयास मिळतात.

येथें एक गोष्ट विसरूं नये. ती वेळ बंदराची असते, आपण उभे असतों त्या कांठाची नसते. भरतीस खाडींतून आंत चढत यावें लागतें, म्हणून मुखापासून जसजसें वर जावें तसतशी ती उशिरा पोहोंचते. शिवाय आंतल्या भागांत भरती थोडा वेळ व जोरानें चालते, आणि ओहोटी अधिक वेळ रेंगाळते. आपल्या ठिकाणचा फरक किती, हें दोन-तीन वेळां कांठावर काठी रोंवून व घड्याळ लावून प्रत्येकानें स्वतःच ठरवून घ्यावें.

सर्व भरत्या सारख्या नसतात. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास, आणि त्यानंतर एक-दोन दिवस, पाणी फार चढतें व फार उतरतें. यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास तें थोडें चढतें व थोडें उतरतें. त्यास भांग म्हणतात. मोठ्या उधाणास मुंबई बंदराच्या मापानें पाणी साडेचार मीटरांच्याही वर जातें.

एका भरतींतही पाणी सारख्या वेगानें चढत नाहीं. एकंदर चढाचे बारा वांटे केले तर पहिल्या तासांत एक, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत तीन, चौथ्यांत तीन, पांचव्यांत दोन आणि सहाव्यांत एक, असा सामान्य क्रम असतो. म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धें पाणी येतें. ओहोटीसही हाच हिशेब लावावा. मासळीची वेळ व जिवाचा धोका, हीं दोन्ही या कोष्टकावरून समजतात. म्हणून तें पाठ करावें.

मासा भरतीबरोबर काय करितो

खाऱ्या पाण्याचें वजन गोड्या पाण्यापेक्षां अधिक असतें. त्यामुळें भरती येतांना तें बहुधा तळाकडून वर शिरतें व गोडें पाणी त्यावर राहतें. या पाण्याबरोबर कोलंबी, बोय व लहान मासळी चिखलाच्या पठारांवर आणि तिवर-चिपीच्या खाजणांत चरावयास चढते. जनावरें सकाळीं रानांत जावींत तसेंच हें आहे. ओहोटी लागतांच पठारें उघडीं पडूं लागतात, व चरावयास गेलेली सर्व मासळी लहान लहान ओहोळांतून मुख्य पात्राकडे परतते. जिताडा, तांबोशी, शिंगाळा यांसारखे मोठे मासे हें जाणून असतात. ते तिच्या मागें सर्वत्र धांवत नाहींत. जेथून तिला परत यावेंच लागेल अशा अरुंद तोंडाशीं ते दबा धरून बसतात. गुरें परत येतांना गांवाच्या वेशीशीं जो उभा राहील त्यास सर्व गुरें दिसतात. शिवारभर हिंडणाऱ्यास दिसत नाहींत.

पाणी वाहत असतांना मासा खातो, व पाणी थांबलें म्हणजे तोही थांबतो. पूर्ण भरतीस व पूर्ण ओहोटीस पाणी कांहीं वेळ निश्चल राहतें. नवशिका नेमका त्याच वेळीं, पाणी शांत व सुंदर दिसतें म्हणून, गळ टाकून बसतो. खरी वेळ म्हणजे भरती लागल्यानंतरचे पहिले दोन तास आणि ओहोटी लागल्यानंतरचे पहिले दोन तास. मधल्या दोन तासांत धार इतकी जोराची असते कीं नवशिक्याचें वजन तळाशीं टिकत नाहीं.

प्रथम पाहणी, मग गळ

जमिनीचा नकाशा हातीं असला तरी जागेवर गेल्यावांचून हद्द समजत नाहीं, हें महसूल खात्यांत काम केलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. नदीचेंही तसेंच आहे. पहिल्या दिवशीं गळ नेऊंच नये. वही, पेन्सिल व एक लांब काठी न्यावी.

पाहणीस प्रतिपदेची सकाळ उत्तम. त्या दिवशीं उधाण असल्यामुळें पाणी पुष्कळ उतरतें. आणि भरती रात्रीं पाऊण वाजतां धरिली तर ओहोटी सकाळीं पावणेसात-सातच्या सुमारास, व खाडींत आंत त्याहूनही थोडी उशिरा, पूर्ण होते. म्हणजे भरपूर उजेडांत नदीचा तळ उघडा सांपडतो. कांठावरूनच, चिखलांत न उतरतां, पुढील गोष्टी टिपून घ्याव्या: ओहोळ मुख्य पात्रास कोठें मिळतात, पात्र कोठें खोल राहिलें आहे, खडक, जुना धक्का, मोडकी होडी किंवा पुलाचे खांब कोठें आहेत, वाळू कोठें व चिखल कोठें. प्रत्येक स्थळाची खूण पाण्यांत न धरितां कांठावर धरावी, कारण दोन तासांनीं पाण्यांतली खूण बुडते. एक जवळचें झाड व त्याच्या रेषेंत एक दूरचा डोंगर किंवा विजेचा खांब, अशा दोन खुणा जुळविल्या म्हणजे पूर्ण भरतींतही तळाचा खड्डा चुकत नाहीं.

मग पंचमीस गळ घेऊन जावें. त्या दिवशीं उधाणाचा जोर ओसरलेला असतो, परंतु भांगाचें मंदपण आलेलें नसतें. किनाऱ्यावर पूर्ण भरती दुपारीं पावणेचारच्या सुमारास, खाडींत त्यानंतर. म्हणजे ओहोटीचे पहिले दोन तास संध्याकाळच्या उतरत्या उन्हांत मिळतात व अंधार पडण्यापूर्वीं निघतां येतें.

पांच जागा व त्यांच्या वेळा

पहिली जागा ओहोळाच्या तोंडाची. खाजणांतून निघालेला ओहोळ मुख्य पात्रास मिळतो तेथें ओहोटीच्या पहिल्या दोन तासांत बसावें. आमिष ओहोळाच्या मधोमध न टाकतां, गढूळ पाणी व स्वच्छ पाणी जेथें एकमेकांस लागतात त्या कडेस टाकावें. नवशिक्यास याहून खात्रीची जागा नाहीं. भरतींत मात्र हीच जागा ओस असते, कारण मासळी आंत गेलेली असते.

दुसरी जागा वळणाची. नदीच्या बाहेरच्या वळणास धार लागून कांठ तुटतो व खोली वाढते. आंतल्या वळणास गाळ सांचून मळई बनते. ज्यांच्या जमिनी नदीकांठीं आहेत त्यांस हें सांगावयास नको. ओहोटी बरीच उतरल्यावर उथळ भागांतील मासे बाहेरच्या वळणाच्या खोलींत गोळा होतात. म्हणून ओहोटीच्या उत्तरार्धांत ही जागा धरावी. भरतीच्या आरंभीं तेच मासे मळईच्या उतारावर चढूं लागतात. तेव्हां गळ त्या उताराच्या पायथ्याशीं असावा.

तिसरी जागा आडोशाची. पुलाचा खांब, खडक किंवा जुना धक्का यांच्या आड धार मंदावते व भोंवरा बनतो. मोठा मासा त्या मंद पाण्यांत उभा राहतो व बाजूच्या जोराच्या धारेंतून वाहत येणारें खाद्य टिपतो. देशावरच्या नदींत हा आडोसा नेहमीं खांबाच्या खालच्या अंगास असतो. खाडींत भरतीच्या वेळीं धार उलटी असल्यामुळें आडोसा वरच्या अंगास जातो व ओहोटींत खालच्या अंगास येतो. ही एक गोष्ट न जाणल्यामुळें कित्येक जण अर्धा दिवस खांबाच्या चुकीच्या बाजूस बसून राहतात.

चौथी जागा तिवरांच्या कडेची. पाणी मुळांत शिरूं लागल्यापासून पूर्ण भरतीच्या थोडें आधींपर्यंत तांबोशी व जिताडा तेथें हिंडतात. गळ मुळांत टाकूं नये, अडकतो. कडेपासून दोन-तीन हात अलीकडे ठेवावा. बसावयास जागा करण्याकरितां तिवराची फांदीही तोडूं नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ व २०१८ सालच्या आदेशांनीं कांदळवन तोडण्यास मनाई आहे. आणि तीं झाडें हीच मासळीच्या पिलांची वाडी आहे.

पांचवी जागा गोड्या पाण्याच्या तोंडाची. ओढा किंवा शेतांचें पाणी खाडींत जेथें पडतें तेथें पावसाळा संपतां संपतां कोलंबी व बोय जमतात. या जागेविषयीं एक इशारा द्यावयाचा आहे, तो पुढें वेगळा दिला आहे.

फेसाची रेघ व इतर खुणा

मीं पहिल्यानें खारपाड्याच्या बाजूस गळ टाकला तेव्हां पाण्यावर एक लांब फेसाची रेघ वाहत होती. आळंदीच्या माणसास फेस म्हणजे काय हें वेगळें सांगावें लागत नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे थर वारंवार तरंगले, व त्यांचीं चित्रें सर्व वर्तमानपत्रांनीं छापिलीं. मी किळस येऊन तेथून उठलों. जवळच एक वृद्ध कोळी जाळें विणीत बसला होता. तो म्हणाला, "पाव्हणे, फेस बघून उठलात होय? अहो, तीच माशांची वाट आहे." पुढें त्यानें त्या रेघेच्या कडेस एक पाग टाकिला व चार बोय काढून दाखविले.

त्याचें म्हणणें यथार्थ होतें. दोन प्रवाह जेथें एकमेकांस भिडतात तेथें कुजलेल्या पानांपासून सुटलेल्या द्रव्यांचा थोडा फेस, पानें, काड्या व बारीक जीव एका रेषेंत गोळा होतात. त्यांवर बोय येते व बोयीवर जिताडा. हा फेस पातळ, मळकट व क्षणांत विरणारा असतो. त्यास दुर्गंधी नसते. सांडपाण्याचा फेस दाट असतो, तो ढिगांनीं सांचतो व लवकर मोडत नाहीं. तो साबणासारख्या द्रव्यांनीं होतो व बंधाऱ्यावरून पाणी पडतांना त्यांत हवा मिसळून वाढतो. पहिला फेस दिसल्यास बसावें. दुसरा दिसल्यास उठावें. पाताळगंगेच्या कांठीं खोपोली व रसायनी येथें कारखाने आहेत, म्हणून तेथेंही डोळे उघडे ठेवावे. मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकूं लागले, किंवा पाण्यास औषधासारखा वास आला, तर तेथील मासा कितीही सहज हातीं आला तरी घरीं नेऊं नये.

इतर खुणा सोप्या आहेत. बगळे एका ओळींत कडेस उभे असले तर तेथें लहान मासळी आहे. खंड्या एकाच फांदीवर पुनः पुनः येऊन बसतो तेथें पाणी उथळ व मासळी चालती आहे. लहान बोय एकदम पंख्यासारखी चहूंकडे उसळली तर खालीं मोठा मासा आहे. पृष्ठभाग कांहीं ठिकाणीं तेलासारखा गुळगुळीत व भोंवतीं लाटांचा दिसला, तर तळाशीं खड्डा किंवा खडक असावा.

पाणी पाठीमागून येतें

आतां धोक्याविषयीं. दुसऱ्या खेपेस मीं जी चूक केली ती सांगतों, कारण ती प्रत्येक नवशिका करितो. द्वितीयेची सकाळ होती. ओहोटी पूर्ण झाली होती. पात्राच्या मध्यभागीं एक लांब मळई उघडी पडली होती व तिच्या पलीकडे खोल धार होती. त्या धारेंत चांगला मासा मिळेल असें मानून मी घोट्याइतक्या पाण्याचा एक उथळ नाला ओलांडून मळईवर जाऊन बसलों. समोरचें पाणी हळूहळू चढत होतें, तिकडे माझें लक्ष होतें. इतक्यांत कांठावरून माझा भाचा ओरडला, "मामा, माघारी फिरा, पाठीमागनं पाणी भरतंय!" मागें पाहतों तों मघाचा घोटाभर नाला मांडीभर झाला होता व त्याचा तळ म्हणजे निव्वळ रेंदा. दुसऱ्याच पावलास पाय गुडघ्यापर्यंत रुतला. भाच्यानें होडीची फळी ढकलली, तीवर पोट टेकून मी बाहेर आलों. गळ, पिशवी, चपला सर्व तेथेंच राहिलें.

याचें कारण साधें आहे. मळईचा मध्य उंच असतो व कांठाकडील बाजू सखल. म्हणून भरतीचें पाणी प्रथम माणूस व कांठ यांमधील खळग्यांत शिरतें. आपण कोरडे असतां परतीची वाट बुडालेली असते. आणि वर दिलेल्या कोष्टकाप्रमाणें तिसऱ्या-चौथ्या तासांत पाणी पहिल्या तासाच्या तिप्पट चढतें. यास्तव नवशिक्यानें कांठ सोडून मळईवर जाऊंच नये. पाय रुतल्यास उभ्यानें ओढूं नये. एक पाय ओढतांना दुसरा अधिक जातो. मागें बसावें किंवा आडवें व्हावें, अंगाचा भार पसरावा, व पाय हळूहळू हलवून त्याभोंवतीं पाणी शिरूं द्यावें. एकट्यानें कधीं जाऊं नये. सोबत एक दोरी व एक फळी असावी. पाताळगंगेंत आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी: वीजगृहांतून पाणी सोडण्याचें प्रमाण विजेच्या गरजेप्रमाणें बदलतें, म्हणून वरच्या भागांत भरती नसतांही पाणी वाढूं शकतें. महाडजवळ सावित्रींत व चिपळूणकडे वाशिष्ठींत मगरी आहेत; तेथें स्थानिक लोकांस विचारल्यावांचून कडेस बसूं नये.

उघाडीस हात लावूं नये

वर पांचव्या जागेविषयीं इशारा देण्याचें कबूल केलें होतें, तो असा. पेण-अलिबागकडे खाडीलगतची भातशेती बांध घालून राखलेली आहे. बांधांत पाणी जाण्याकरितां दार ठेवितात, त्यास उघाडी म्हणतात. ओहोटींत आंतील पावसाचें पाणी तिच्यांतून बाहेर पडतें व भरतींत तिचें झडप मिटून खारें पाणी आंत येत नाहीं. आंतून पाणी पडतें तेथें मासळी जमते, म्हणून मासे धरणारे तेथें गर्दी करितात, आणि कोणी मूर्ख अधिक मासळीच्या लोभानें झडपेखालीं दगड अडकवून ठेवितो. तो माणूस संध्याकाळीं घरीं जातो. रात्रींच्या भरतीस खारें पाणी शेतांत शिरतें व कित्येक कुटुंबांचें वर्षाचें भात जळतें. जमिनींत बसलेलें मीठ पुढच्या पावसाळ्याचें पाणी मुरून वाहून गेल्याखेरीज निघत नाहीं. पनवेलच्या खारभूमि संशोधन केंद्रानें पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ असे क्षार सोसणारे भाताचे वाण काढिले आहेत. तरी समुद्राचें पाणी उभ्या पिकांत आलें तर कोणताही वाण तग धरीत नाहीं. या बांधांच्या रक्षणासाठीं १९४८ सालीं व पुन्हा १९७९ सालीं स्वतंत्र कायदे करावे लागले, यावरून त्यांचें महत्त्व समजावें. आपण स्वतः शेतकरी आहों. दुसऱ्याच्या पाटाचें दार उघडून ठेवणाऱ्यास आपण काय म्हणूं, तेंच खार शेतकरी आपणांस म्हणेल. उघाडीपासून वीस पावलें दूर बसावें. तेथेंही मासळी मिळते.

काय ठेवावें व काय सोडावें

जिताडा हा रायगडचा मानाचा मासा. अलिबाग तालुक्यांत शहापूरकडील शेतकरी शेतालगत तलाव खणून त्यांत तो वाढवितात. भात व मासा अशी दुहेरी मिळकत त्यांस होते. या माशाचा जीवनक्रम विलक्षण आहे. तो आरंभीं नर असतो व पुढें सुमारें पांच-सहा वर्षांनीं मोठा झाल्यावर मादी होतो. अर्थात् फार मोठा जिताडा म्हणजे बहुधा अंड्यांची मादी, आणि फार लहान म्हणजे अजून पिढी न वाढविलेला. दोन्ही परत सोडावे; मधल्या मापाचा एक घरास पुरतो. पावसाळ्यांत तो खाडीच्या मुखाकडे अंडीं घालतो व पिलें भरतीबरोबर आंत येतात. महाराष्ट्रांत १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांस समुद्रांत मासेमारीची बंदी असते. कांठावर गळ घेऊन बसणाऱ्यास ती लागू नसली तरी हौसेच्या माणसानें त्या दोन महिन्यांत गळ घरींच ठेवावा. त्या दिवसांत पुराचें पाणी व भरती एकत्र आल्यास खाडी कशी चढते हें चिपळूणनें २२ जुलै २०२१ रोजीं अनुभविलें आहे.

हक्काविषयीं एक शब्द. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० प्रमाणें भरतीच्या उच्च रेषेखालील खाडीचा तळ सरकारचा आहे. ज्यानें लगतची जमीन घेतली त्याचा सात-बारा तेथें पोहोंचत नाहीं. म्हणून आपल्या शेतापुढील पाणी आपलें, असें मानून कोळी बांधवांस हटकूं नये. त्यांचे जाळ्यांचे खुंट पिढ्यानपिढ्या ठरलेल्या जागीं असतात. त्यांच्या जवळ गळ टाकूं नये व खुंटास होडी बांधूं नये. उलट, प्रथम जाऊन नमस्कार करावा व विचारावें. एका वर्षाच्या पाहणीनें जें कळणार नाहीं तें ते एका घटकेंत सांगतात.

शेवटीं नोंदवहीविषयीं. प्रत्येक खेपेस तिथि, भरतीची वेळ, आपल्या काठीवर पाणी फिरल्याची वेळ, जागा, पाण्याचा रंग, मिळालेला मासा व कांहीं न मिळाल्यास तेंही, असें सात रकान्यांत लिहावें. बारा खेपा झाल्या म्हणजे ती वही त्या नदीपुरती कोणत्याही पुस्तकापेक्षां अधिक उपयोगी पडेल. आळंदीस गळ टाकण्याची गोष्ट कोणी काढीत नाहीं, व तें योग्यच आहे. परंतु नोंदवही तेथेंही ठेवतां येते. इंद्रायणीच्या कांठीं ज्यांची जमीन आहे त्यांनीं पाण्याचा रंग, वास, फेस, व मासे दिसले कीं नाहीं, हें तिथीवार लिहून ठेवावें. तक्रारीच्या वेळीं तोंडी सांगण्यापेक्षां तारीखवार नोंद अधिक वजनाची ठरते, असा दप्तरांतला अनुभव आहे. ज्या सभासदांनीं अशी वही ठेविली असेल त्यांनीं ती संघाच्या पुढील सभेस आणावी, म्हणजे सर्वांच्या नोंदी ताडून पाहतां येतील.